देणाऱ्यांची यादी

आमच्या गावात पूर्वी कुणी पळताना दिसला की दोनच शंका यायच्या. एक तर ह्याची एसटी सुटली, नाहीतर मागं कुत्रं लागलं. आता तसं राहिलं नाही. पहाटे पाचला फाट्याच्या रस्त्यावर पोरं-पोरी पळत असतात. पोलीस भरतीत पोरांना सोळाशे मीटर आणि पोरींना आठशे मीटर पळावं लागतं, त्याची ही तयारी. आमच्याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, तेव्हापासून तर पळणाऱ्या पोरीला "कुठं निघालीस गं" म्हणून कुणी अडवत नाही.

पण दुसऱ्यासाठी पळायचं, म्हणजे आपण पळायचं, पैसे तिसऱ्यानं द्यायचे आणि ते चौथ्याला मिळायचे, हा प्रकार गावाला नवा होता. तो आणला मुंबईत नोकरीला असलेल्या एका पोरानं. तिकडं जानेवारीत मोठी मॅरेथॉन असते, २००४ पासून चालू आहे, आणि तिच्यात लोक वेगवेगळ्या संस्थांसाठी पैसे गोळा करत पळतात. हा तिथं 'ड्रीम रन'ला जाऊन आलेला. दिवाळीला गावी आला आणि मंडळाच्या पोरांना म्हणाला, "आपण पण करू. गवंड्यासाठी करू."

गवंड्याचं नाव मी इथं लिहीत नाही. का, ते पुढं कळेल. चौथीला तो माझ्या वर्गात होता. पाढे कच्चे, पण वर्गात सुताराची पट्टी दिली की माप कधी चुकायचा नाही. पुढं अर्धं गाव त्यानं बांधलं. देवळाच्या सभामंडपात देणगीदारांच्या नावांच्या फरश्या आहेत ना, त्या त्यानंच बसवल्यात. चाळिशी उलटली आणि त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, साताऱ्याला डायलिसिस. सरकारी योजनेत ते फुकट होतं, पण तिथवर जाणं फुकट नव्हतं. बरोबर बायकोनं जायचं म्हणजे तिचा रोज बुडायचा. एसटीचं भाडं, वरची औषधं, इंजेक्शनं, दोघांचा चहा-वडापाव धरून एका खेपेला हजार रुपये उडत. महिन्याला आठ-नऊ हजार. आणि कमावता हात हातात सुई घेऊन पडलेला.

तर २०२३ च्या प्रजासत्ताकदिनी दौड ठरली. एसटी स्टँडपासून फाट्यापर्यंत आणि परत, पाच किलोमीटर. मला खजिनदार केलं. निवृत्त मास्तर हा गावातला ठरलेला खजिनदार असतो; त्याला पेन्शन असते, त्यामुळं तो पैसे खाणार नाही असा लोकांचा समज असतो. प्रायोजक चौदा मिळाले. कृषी सेवा केंद्र, दूध संकलनवाले, पतसंस्था, दोन किराणा दुकानं, मंडपवाला, जेसीबीवाला. शिवाय आमच्या भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, त्यांनी तमिळनाडूतून, बंगालमधून मोबाइलवर पैसे धाडले. मुंबईच्या माथाड्यांनीही आपसात पट्टी काढून पाठवली. पोरं तर रात्रीचा दिवस करत होती. गावातल्या पोरांना नावं ठेवायची आपल्याला सवय लागलीय, पण ही पोरं महिनाभर दारोदार फिरली आणि एकानंही पेट्रोलचे पैसे मागितले नाहीत, हे मी वहीवर हात ठेवून सांगतो.

पत्रक मी लिहिलं. तीस वर्षं निबंध तपासलेला माणूस, मला वाटलं, आपल्याशिवाय कोण लिहिणार? लिहिलं, की गावाच्या भिंती उभ्या करणारे हात आज लुळे पडले आहेत, घरातली चूल विझू लागली आहे, दोन निष्पाप लेकरं दाराकडे डोळे लावून बसली आहेत. वाचून दाखवलं तेव्हा सरपंचांनी डोळे पुसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग स्टँडवर फ्लेक्स लागला. वीस फूट बाय दहा फूट. मधोमध गवंड्याचा दवाखान्यातला फोटो, पलंगावर पडलेला, दंडात नळ्या, नळ्यांत रक्त. मुंबईचा पोरगा भेटायला गेला होता तेव्हा त्यानं मोबाइलवर काढलेला. आणि भोवतीनं चौदा प्रायोजक गोल चौकटींत, हात जोडून, काहींनी गॉगल घातलेला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतात तसेच. खाली माझा मजकूर.

आठ-दहा दिवस झाले असतील. रात्री नऊच्या सुमाराला दारात गवंड्याची बायको. मी म्हटलं, "ये पोरी, आत ये. तब्येत बरी हाय ना त्याची?"

"बरी हाय," ती म्हणाली आणि उंबऱ्याजवळच टेकली. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "गुर्जी, त्यो ष्ट्यांडवरचा फोटू काढाय सांगा की."

मी म्हटलं, अगं, त्यामुळंच तर लोक पैसे देतायत.

"व्हय, त्ये कळतंय मला. पर थोरलं पोरगं ष्ट्यांडवरनं साळंला जात न्हाय. वड्यातनं जातंय. पोरं त्येला इचारत्यात, तुझ्या बापाच्या नळीत खरं रगात हाय का." थोडं थांबून ती पुढं म्हणाली, "आन् गुर्जी, चूल इझली म्हनून लिवलंय तुमी. आमची चूल येक दिस इझली न्हाय. म्या रोजानं जाते. दोन येळला भाकरी थापते."

रागानं बोलली असती तर मला उत्तर सुचलं असतं. ती रागानं बोललीच नाही. चहा नको म्हणाली आणि गेली.

त्या रात्री मला १९७२ चा दुष्काळ आठवला. मी दहा वर्षांचा. आई खडी फोडायच्या कामावर, आणि मी सुकडीच्या रांगेत. कुणीतरी साहेब गळ्यात कॅमेरा अडकवून आले. रांगेचा फोटो काढू लागले तशी आईनं हातोडा खाली ठेवला आणि पदर पार नाकाखाली ओढून घेतला. शेजारच्या बायांनीही. साहेब म्हणत होते, अहो, तोंड दिसू द्या, नाहीतर वरती कळणार कसं? ते चांगलेच गृहस्थ असणार. वरती कळायला हवंच होतं. आणि तरी आईचा तो पदर मला पन्नास वर्षांनी जसाच्या तसा दिसला. तेव्हा मी रांगेत होतो. आता कॅमेरा माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी बैठकीत विषय काढला. पोरं गोंधळली. मुंबईचा पोरगा फोनवर होता, तो म्हणाला, "गुरुजी, चेहऱ्याशिवाय पैसा सुटत नाही. मी अनुभवानं सांगतो." त्याचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही. माणूस आकड्यानं हलत नाही, दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी हलतो. एकानं बारामतीच्या लता करेंचं उदाहरण दिलं. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून साठी उलटलेली ती बाई नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉन पळाली आणि जिंकली. "त्येंच्यावर पिच्चर निघाला गुर्जी. त्येंनी कुठं तोंड लपवलं?"

उदाहरण बिनतोड वाटलं सगळ्यांना. मलाही घटकाभर वाटलं. पण त्या स्वतः पळाल्या होत्या. बक्षीस त्यांच्या पायांनी मिळवलं होतं, त्यांचा जगाला दिसलेला चेहरा जिंकलेल्या बाईचा होता. आमचा गवंडी पलंगावर पडला होता आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. पळणार आम्ही, पदक आम्हाला, टी-शर्ट आम्हाला. त्याच्या वाट्याला काय, तर नळ्या.

शेवटी फ्लेक्स काढायचं ठरलं, पण खरी अडचण वेगळीच निघाली. फ्लेक्स काढला की चौदा प्रायोजकांचे फोटोही जाणार! त्यांनी पैसे मोजलेले. मग दोन हजार खर्चून दुसरा फ्लेक्स छापला, त्यात फक्त चौदा फोटो आणि 'एक धाव माणुसकीसाठी'. कुणासाठी धावायचं तो माणूस सोडून सगळे त्याच्यावर होते. ह्याला हसावं की काय करावं ते मला कळेना, पण पोरगं दुसऱ्या दिवसापासून स्टँडवरून शाळेला जाऊ लागलं. मोबाइलवर गेलेला फोटो मात्र परत बोलावता आला नाही. तो अजूनही कुठंतरी फिरत असेल.

दौडीच्या दिवशी थंडी मरणाची होती. शाळूची कणसं नुकती भरलेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दव. २८७ माणसं धावली. पोरं सुसाट गेली. बचत गटाच्या बाया काष्टा घट्ट करून, चपला काखेत मारून निघाल्या आणि बोलत बोलत निम्मी वाट चालल्या. पारावर बसलेल्या एका म्हातारीनं मला थांबवलं.

"गुर्जी, ह्ये पळाल्यावर त्येला बरं वाटंल व्हय?"

"पळून नाही आजी, पैशानं."

"मग पैसं द्या की. पळताय कशाला?"

आणि कनवटीची वीस रुपयांची नोट काढून तिनं माझ्या हातावर ठेवली. तिच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, आणि अजूनही माझ्याकडं धड उत्तर नाही. एवढंच सुचतं, की नुसते पैसे मागितले असते तर आम्ही दिले नसते. आम्हाला काहीतरी निमित्त लागतं. देवळाला दिले तर फरशी लागते, शाळेला दिले तर भिंतीवर नाव लागतं. पूर्वी ईर्जिक असायची, तिला निमित्त लागायचं नाही. कुणाची नांगरट मागं पडली की सगळ्यांनी आपापली औतं घेऊन जायचं, दिवसभर राबायचं, रात्री त्याच्या घरी जेवायचं. त्यात देणारा कोण आणि घेणारा कोण हे आज ठरायचं, उद्या उलटं व्हायचं. आज ज्याच्या रानात बारा औतं, तोच पुढल्या वर्षी दुसऱ्याच्या बांधावर बैल घेऊन उभा.

फाट्यावर वळायचं होतं, तिथं पाण्याची सोय. मी मोटारसायकलवरून तिथं पोचलो तर टेबलामागं गवंडी. पहाटे साडेपाचला कुणाच्या तरी गाडीवर बसून आला होता. गुरुवार होता, म्हणजे डायलिसिस दुसऱ्या दिवशी. तोंड, पाय सुजलेले. डावा हात, ज्यात सुया टोचतात तो, शालीखाली जपून धरलेला. उजव्या हातानं कागदी पेले भरून पुढं करत होता. स्वतःला त्याला दिवसाला मोजून पाणी. तहान लागली तर बर्फाचा खडा चघळायचा. आणि हा पळून आलेल्या पोरांना म्हणत होता, "घोट घोट घे रं, येकदम ढोसू नगो."

मी म्हटलं, "अरे, तू कशाला आलास थंडीत?"

"सगळं गाव आलंय गुर्जी," तो म्हणाला. "मी घरी बसून काय करू?"

झेंडावंदन झालं, सत्कार सुरू झाले. प्रत्येक प्रायोजकाला शाल आणि नारळ. मग माइकवर गवंड्याचं नाव पुकारलं. तीनदा पुकारलं. तो आला नाही. फाट्यावर सांडलेले पेले गोळा करत होता असं नंतर कळलं. एक प्रायोजक माझ्या कानाशी म्हणाले, "ज्याच्यासाठी केलं त्याला दोन मिनटं स्टेजवर यायला काय झालं?" वाईट माणूस नव्हे तो. दहा हजार दिले होते, आणि दिल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत काहीतरी बघावं असं कुणाला वाटत नाही? मलाही वाटलं होतं. पण तसं बघायची हौस असली की ते दान राहतं का, हे मला तिथल्या तिथं सांगता आलं नाही. नारळ पुढं केला.

हिशेब असा. जमा २,३१,४००. टी-शर्टला ४२,०००, मंडप आणि स्पीकर ९,५००, पदकं-ढाली ११,२००, केळी-पोहे-पाणी ५,२००. फ्लेक्स दोन्ही पोरांनी खिशातून केले. उरले १,६३,५००. म्हातारीचा प्रश्न हिशेबाच्या वहीतही होताच. बेचाळीस हजारांत त्याच्या चाळीस खेपा झाल्या असत्या. पण टी-शर्ट नसते तर चौदातले किती आले असते, हेही त्याच वहीत लिहायला हवं.

संध्याकाळी आम्ही तिघं पासबुक घेऊन त्याच्या घरी गेलो. त्यानं पासबुक कपाळाला लावलं, बायकोकडं दिलं आणि म्हणाला, "गुर्जी, यादी द्या."

"कसली यादी?"

"कुनी किती दिलं त्येची."

मी म्हटलं, अरे, असल्या गोष्टीची यादी मागायची नसते. मनात माझ्या दुसराच विचार होता. माझे वडील कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतच्या बोर्डिंगात शिकले. तिथल्या पोरांसाठी मुष्टिफंड असायचा. घराघरात दळताना-कांडताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं आणि ते बोर्डिंगला जायचं. वडील सांगायचे, आपण कुणाच्या मुठीतली भाकरी खाल्ली ते कळलं नाही, म्हणून कुणापुढं मान खाली घालावी लागली नाही. ह्यापरतं चांगलं देणं नाही अशी माझी पक्की समजूत. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नको आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नको. म्हटलं, ह्याला तेच समजावून सांगू.

सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्या वडलांचं येगळं गुर्जी. त्येनी शिकून पुढं दुसऱ्याच्या पोरासाठी मूठ काढली असंल. मला तेवढं आयुष्य हाय का? ह्येंच्या घरी लगीन निघंल, वास्तुक निघंल. मोकळ्या हातानं कसं जायाचं? का जायाचंच न्हाय?"

मी गप्प झालो. वडिलांनी खरंच शेवटच्या वर्षापर्यंत दर सुगीला बोर्डिंगला पोतं धाडलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्याचा ह्याच्याशी संबंध कधी जोडला नव्हता. मूठ द्यायला तर कफल्लक घरालाही जमायची, म्हणून ती घेतानाही कुणी कफल्लक ठरत नव्हता. आमच्या दौडीत देणारे एका बाजूला आणि घेणारा एकटा दुसऱ्या बाजूला. त्याला तोंड लपवायचं नव्हतं, तसं असतं तर तो फाट्यावर आलाच नसता. गावानं त्याचं तोंड बघावं, पण नळीतलं रक्त बघू नये. आणि त्यानं मात्र गावाची सगळी नावं वाचावीत. माझी गुप्तदानाची समजूत त्यानं बरोबर उलटी करून ठेवली होती.

बाकीच्या दोघांनी यादीला विरोध केला. कुणी पन्नास दिले, कुणी शंभर. यादी बाहेर फुटली तर कमी देणाऱ्याला लाज वाटेल, म्हणाले. मला गंमत वाटली. त्याच्या नळ्या स्टँडवर टांगताना कुणाच्या लाजेचा विषय निघाला नव्हता. मी शंभर पानी वही आणली आणि दोन संध्याकाळी बसून ३४१ नावं हातानं उतरून काढली. आहेराच्या वहीसारखीच, नाव आणि समोर आकडा. पारावरच्या आजीचे वीससुद्धा. माझ्या नावासमोर दोन हजार.

पुढल्या वर्षी, २०२४ ला, मी अट घातली. फोटो नाही, एका माणसाचं नाव नाही, टी-शर्ट नाहीत. पैसे गावच्या आजारी माणसांच्या प्रवासासाठी, कोण ते समिती बघेल. जमले ९६,२००. निम्म्याहून कमी. खर्च चौदा हजार, उरले ८२,२००, आणि ते तिघांत वाटले. वाटा कमी पडला तेव्हा त्यातल्या एका म्हाताऱ्याचा मुलगा मला म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्याचा फोटो लावला असता तर चाललं असतं की गुर्जी. आमची ना न्हवती." त्यालाही माझ्याकडं उत्तर नव्हतं. अब्रू ज्याची त्यानं ठरवायची म्हटलं, तर त्यानं ठरवलीच होती. मीच ती परस्पर जपायला गेलो आणि त्याचे पैसे बुडवले, असं त्याला वाटलं तर काय चुकलं? आता आम्ही ज्याला त्याला आधी विचारतो. काहीजण लावा म्हणतात. मला अजूनही ते बघवत नाही, पण मी स्टँडवरूनच जातो, ओढ्यातून जात नाही.

गवंडी त्याच वर्षी श्रावणात गेला. फाट्यावर त्या वर्षीही त्यानंच पाणी दिलं होतं, खुर्चीवर बसून.

२०२५ च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या मुलाचं लग्न झालं. आहेराच्या टेबलावर पुतण्याला बसवला होता. दुपारी ऊन कलायच्या आत गवंड्याची बायको आली. थोरलं पोरगं बरोबर, आता बारावीला. तिनं पाकीट दिलं, पुतण्यानं नाव आणि पाचशे एक लिहिले. मग तिनं पिशवीतून ती शंभर पानी वही काढली, कोपरे मऊ पडलेली, आणि पुतण्याकडंच पेन मागितलं. पोराच्या हातात दिली. त्यानं पानं उलटली, बऱ्याच नावांपुढं आकडे लिहिलेले मला लांबूनही दिसले. माझं नाव सापडल्यावर त्यानं तिथं लिहिलं. वरचा एक रुपया आपल्याकडं हिशेबात धरत नाहीत.

मी पुढं झालो. "अगं, हे कशाला..." एवढंच तोंडातून निघालं.

"पंधराशे ऱ्हायलं गुर्जी," ती म्हणाली, आणि वही पिशवीत ठेवून पंगतीकडं गेली. मी वाढप्याला हाक मारून तिच्या ताटात आधी वाढायला सांगितलं.